अण्णांचा बॅकअप

लाईट गेली की आमच्याकडचा माणूस आधी दारात येतो आणि शेजारी बघतो. शेजारचीही गेलेली दिसली की त्याला बरं वाटतं. मग तो मेणबत्ती शोधतो, आणि मेणबत्ती सापडली की काडेपेटी शोधतो. अण्णा यातलं काही करत नाहीत. ते घड्याळ बघतात, ओटीवरच्या खुंटीला टांगलेली लांब खतावणी काढतात आणि लिहितात, 'गेली, 7.42.'

खतावणीत चार रकाने आहेत. गेली, आली, कारण, शेरा. कारणाच्या रकान्यात वारा, फणसाची फांदी, डीपीत पाल, माकड (मयत), कळवले नाही, असं काय काय आहे. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द आहे, 'अपेक्षित'. अण्णांच्या लेखी लाईट असणं हा अपघात आहे आणि जाणं हा नियम. आपल्याला ती जाते याचा राग येतो. अण्णांना ती वेळेवर गेली नाही याचा येतो.

अशी माणसं आता गावोगाव झाली आहेत. कुणी पाण्याच्या टाक्या वाढवत नेतं, कुणी सिलिंडर. आमच्या वाडीच्या वाट्याला विजेचे अण्णा आले. यात वाडीचा तोटा झाला असं कुणी म्हणणार नाही, फक्त संध्याकाळी त्यांच्या अंगणावरून जाताना लोक पावलं जरा झपाझप टाकतात. थांबलं की अण्णा बॅटरी दाखवतात.

याची सुरुवात कुठून झाली, तर खाडीपलीकडून. आमचं गाव दापोली तालुक्यात, दाभोळच्या बाजूला. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की वाशिष्ठीच्या मुखापलीकडे, गुहागरच्या हद्दीत, अंजनवेलचा तो गाजलेला वीजप्रकल्प दिसतो. आणला एन्रॉनने, आणि नाव मात्र आमच्या अलीकडच्या दाभोळचं मिळालं. 1999 साली 740 मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि 2001 साली बंद पडला. पुढे मालक बदलले, नाव बदललं, पुन्हा सुरू झाला. पण मधल्या वर्षांत महाराष्ट्रभर लोडशेडिंग आलं, आणि पलीकडे एवढं थोरलं वीजघर दिसत असताना अलीकडे आम्ही कंदिलाच्या काचा राखेने पुसत बसलो. बाकीच्यांनी सरकारला शिव्या दिल्या आणि विषय सोडला. अण्णांनी धडा घेतला. "वीजघर शेजारी असून काही उपयोग नाही रे," ते म्हणाले, "बॅटरी शेजारी पाहिजे." आणि त्यांनी इन्व्हर्टर आणला.

अण्णा बँकेत कॅशियर होते, ही गोष्ट इथे सांगायला हवी, कारण त्यावाचून पुढचं काही समजणार नाही. बॅटरी म्हणजे त्यांच्या मते ठेव. 12 व्होल्टची, 150 अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी. गुणाकार केला की 1,800 वॉट-अवर. त्यातली निम्मी ठेव मोडायची नाही, वरचेवर मोडली तर बॅटरीचं आयुष्य घटतं. उरले 900. त्यातले शेकडा 15 इन्व्हर्टर स्वतःच खातो. ते बँक चार्जेस. राहिले 765. त्यात 75 वॉटचे दोन पंखे आणि 9 वॉटचे तीन दिवे सव्वाचार तास चालतात. हा हिशेब अण्णा कुणालाही, कधीही, कुठल्याही विषयावरून वळून सांगू शकतात. एकदा तेराव्याच्या पंगतीत सांगितला.

या हिशेबात माणसंही बसतात. एक पंखा आणि एक दिवा मिळून साधा पाहुणा 84 वॉटचा. जोडपं एका खोलीत झोपलं तर दोघांचं 84 मध्येच भागतं, त्यामुळे अण्णांना जोडप्यांविषयी आदर आहे. एकटा येणारा आणि वाचत झोपणारा मनुष्य त्यांना उधळ्या वाटतो. पुण्याचा जावई लॅपटॉप घेऊन येतो. त्याचे 65 धरून तो 149 वर जातो. पुढे अण्णांनी घरातले सगळे पंखे बदलून बीएलडीसी बसवले, 30 वॉटचे. जावई 104 वर आला. "सुधारला," अण्णा म्हणाले.

घरातल्या बटणांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत. हिरवी म्हणजे चालेल, पिवळी म्हणजे विचारून, लाल म्हणजे लाईट गेलेली असताना हात लावायचा नाही. मिक्सरला लाल आहे. इस्त्रीला लाल आहे आणि वर कवटीचं चित्र आहे. "चटणी ही लाईट असताना करायची गोष्ट आहे," असं अण्णांनी एकदा जाहीर केलं. काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, काही बोलल्या नाहीत. मागील दारी पाटा-वरवंट्याचा आवाज सुरू झाला आणि पंधरा मिनिटांनी चटणी पानात आली. काकूंची घरात हीच पद्धत आहे.

इन्व्हर्टर आल्यावर अण्णांची एक अडचण झाली. लाईट गेली की हे यंत्र डोळ्याचं पातं लवायच्या आत बॅटरीवर जातं. दिवा नुसता किंचित लुकलुकतो. घरातल्या माणसांना कळतच नाही की लाईट गेली आहे, आणि कळलंच नाही तर कौतुक कसं करणार? मग अण्णा ओटीवर येऊन मोठ्याने सांगतात, "लाईट गेलेली आहे बरं का! हा जो उजेड दिसतोय, तो आपला आहे." पाहुणे मान डोलावतात. थोड्या वेळाने, "अजून गेलेलीच आहे."

बॅटरीची निगा ते स्वतः राखतात. डिस्टिल्ड वॉटरचे कॅन पडवीत रांगेने. तांबड्या तरंड्या खाली गेल्या की पाणी घालायचं, आम्लाचा हात डोळ्यांना लावायचा नाही, बॅटरी बंद कपाटात ठेवायची नाही, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो. टोकांना गंज चढू नये म्हणून व्हॅसलीन. हे व्हॅसलीन काकूंच्या टाचांसाठी आणलेलं असतं. टाचा भेगाळलेल्याच आहेत. बॅटरीची टोकं पाहत राहावीत अशी आहेत. आमच्याकडे पावसाच्या आधी अगोटीची बेगमी करतात. लाकूडफाटा रचतात, सुकी मासळी, पापड, मीठ-मिरची भरून ठेवतात. अण्णांच्या यादीत याखेरीज पेन्सिल सेल, फ्यूजची तार, चिकटपट्टी आणि दोन डझन काडेपेट्या असतात. काडेपेट्या सर्दावू नयेत म्हणून तांदळाच्या कणगीत पुरलेल्या. टॉर्च कुठल्या खिळ्याला, हे घरातलं लहान पोरही सांगेल. अंधारात फक्त एक वस्तू सापडत नाही, ती म्हणजे अण्णांचा चष्मा.

उजेडाचं झालं, पण उष्णतेचं खातं वेगळं आहे आणि तिथे अण्णांची गाडी नेहमी अडते. डिसेंबर-जानेवारीत दापोलीकडचा पारा कोकणाला न शोभेल इतका खाली येतो, आणि पावसाळ्यात थंडी नसली तरी चार महिने ओल असते. आंघोळीला कढत पाणी पाहिजे. बाथरूममधला गीझर 2,000 वॉटचा. तो बॅटरीवर लावणं म्हणजे चपराशाच्या सहीने तिजोरी उघडणं, हे अण्णांचे शब्द. म्हणून त्यांनी छपरावर सोलर हीटर बसवला, काचेच्या नळ्यांचा. तो मार्च ते मे असं उकळतं पाणी देतो की त्यात बटाटे शिजावेत; त्या दिवसांत आमच्याकडे विहिरीच्या गार पाण्याने आंघोळ करायला माणसं भांडतात. जून लागला, आभाळ भरलं, वारा सुटला, लाईट जाऊ लागली, की सोलरचं पाणीही कोमट. ज्या दिवसांसाठी आणला त्या दिवसांत सुट्टीवर.

मग गॅस गीझरचा विचार झाला. अण्णांनी तो नाकारला, आणि इथे अण्णा बरोबर होते. बंद न्हाणीघरात गॅस जळला की हवा संपते आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही; माणूस आंघोळीला जातो तो बाहेर येत नाही. गीझर बाहेर पडवीत आणि नळ आत, असं असेल तरच, असा त्यांचा निकाल. कोळशाच्या शेगडीलाही तोच नियम. थोरल्या मुलीचं बाळंतपण घरी झालं तेव्हा शेकाची शेगडी आत आली आणि तिच्यामागोमाग अण्णा आले. समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. आषाढ होता. शेगडी पाऊस लागून विझली, बाळंतीण कुडकुडली, आणि काकूंच्या आईने अण्णांना जे सुनावलं ते खतावणीत नोंदलेलं नाही.

शेवटी अण्णांनी जुन्या बाजारातून तांब्याचा बंब आणला. चिंच लावून असा घासला की त्यात तोंड दिसावं. त्यात नारळाची सोडणं घालायची की करवंट्या, कशाने किती मिनिटांत पाणी तापतं, याचं कोष्टक केलं. काकूंनी ते कोष्टक वाचलं, घडी घातली आणि पाणचूल पेटवायला वापरलं. पाणचूल मागील दारी त्यांच्या सासूच्या काळापासून आहे. झावळ्या, पिढे, सोडणं, वाळला पाला, आगरात पडेल ते तिला चालतं. घरातली माणसं आजवर जेवढ्या वेळा कढत पाण्याने न्हाली, त्यातल्या बहुतेक वेळा ते पाणी याच चुलीवरच्या हंड्यातलं होतं. अण्णा तिला 'तात्पुरती व्यवस्था' म्हणतात.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि आमच्या तालुक्यालाही झोडपून गेलं. नारळ, पोफळी, कलमं आडवी झाली. विजेचे खांब वाकले, मोडले, तारा आगरात पसरल्या. अण्णांनी इतकी वर्षं ज्याची तयारी केली, तो दिवस आला होता. त्या रात्री अख्ख्या वाडीत फक्त त्यांच्या ओटीवर दिवा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी इन्व्हर्टरने बारीक शिट्टी मारली आणि तो थांबला.

बॅटरी वीज साठवते, करत नाही. ठेव काढत राहिलं आणि भरणा झालाच नाही, तर खातं रिकामं होतं, हे कॅशियरला कुणी सांगायला नको. पण आपली बँकच वाहून जाईल, हे कुठल्या कॅशियरच्या मनात येतं? लाईट आठवडे उलटले तरी आली नाही. पंप बंद, म्हणून नळाला पाणी नाही. रहाट काढून टाकायचं अण्णांनी दोनदा ठरवलं होतं आणि काकूंनी दोनदा ऐकलं नव्हतं, म्हणून विहिरीतून पाणी निघालं. लाकूडफाट्याला तर तोटाच नव्हता, पुढच्या दोन वर्षांचा दारात येऊन पडला होता. उजेडाला काकूंनी औषधाच्या बाटलीची चिमणी केली. रेशनचं रॉकेल बंद होण्याआधी राखून ठेवलेलं अर्धं डबडं त्यांनी माळ्यावरून काढलं. ते माळ्यावर आहे हे अण्णांच्या यादीत नव्हतं.

त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला, सोमवारी सकाळी, ग्रिड बसलं आणि मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, लिफ्टमध्ये माणसं अडकली. अण्णांना कित्येक महिन्यांनी उभारी आली. मुलुंडपासून गिरगावपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना त्यांनी फोन लावले. "कसं काय आहे तुमच्याकडे? अंधार? अरेरे. आमच्याकडे आहे लाईट." ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं पत्रसुद्धा गेलं नव्हतं, त्यांची त्या दिवशी विचारपूस झाली.

भरण्याची सोय हवी म्हणून मग जनरेटर आला, पेट्रोलचा, 2 केव्हीए. तो घरात ठेवायचा नाही, धूर मारतो, म्हणून गोठ्याच्या मोकळ्या बाजूला. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं आणि अण्णांचे सोन्याचे दिवस आले. वाडीतले सगळे फोन त्यांच्या पडवीत. एका फोनला 40 मिनिटं, वहीत नाव, वेळ, सही. आजारी माणूस घरात असेल त्याला आधी, वादळाचे व्हिडिओ बघणाऱ्याला शेवटी. पैसे घेणार का, असं कुणी विचारलं तर अण्णांना राग यायचा. वीज फुकट होती. रांगेतल्या माणसांना चहा काकू करत होत्या, तोही फुकट, आणि तो पेट्रोलपेक्षा महाग पडला. जनरेटरच्या आवाजात अण्णा काय सांगत होते ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. सगळे हो म्हणत होते. इतका एकमुखी पाठिंबा त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता.

त्याच दिवसांत वायरमन आला. डीपीवर चढायच्या आधी तो अण्णांच्या पडवीत डोकावला आणि त्याने पाहिलं की जनरेटरची वायर दोन्ही टोकांना पिना लावून सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचलेली आहे. घरभर वीज खेळवायची ही अण्णांची युक्ती.

"अण्णा," तो म्हणाला, "मला वर पाठवायचा विचार आहे काय?"

"का रे? काय झालं?"

"मेनस्विच चालू आहे तुमचा. तुमचे हे 230 मीटरातून उलटे बाहेर पडतात. डीपीत उलटे शिरले की पलीकडे 11,000 होऊन निघतात. मी वर बंद लाईन समजून हात घालणार."

ट्रान्सफॉर्मरला सरळ आणि उलटं कळत नाही, एका बाजूने कमी करतो तर दुसऱ्या बाजूने वाढवतो, हे अण्णांना ठाऊक होतं. जोडताना आठवलं नव्हतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी जनरेटर बंद केला, वायर कापली, आणि तिचे दोन तुकडे काकूंच्या हाती दिले. दापोलीहून चेंजओव्हर स्विच मागवला. एकतर बोर्डाची वीज, नाहीतर आपली. दोन्ही एकदम जोडल्या जाऊच शकत नाहीत असा खटका. तो बसेपर्यंत घरात अंधार. फोनवाले परत गेले. तेव्हापासून तालुक्यात कुणी जनरेटर घेतला असं कळलं की अण्णा न बोलावता तिथे जातात, चहा नको म्हणतात, आणि आधी मेनस्विच कुठे आहे ते विचारतात. त्यांचं सगळं हसण्यावारी नेणारे लोकही या एका बाबतीत हसत नाहीत.

2024 साली घरावरच्या सोलरची केंद्राची योजना आली. 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान. अण्णांनी पहिल्या लाटेतच पॅनेलं बसवली. बिल जवळजवळ शून्यावर आलं, पण अण्णांना बिलात रस नव्हता; ते लाईट जायची वाट पाहत होते. एका रखरखीत दुपारी ती गेली. अण्णांनी वाडीला हाका मारल्या. आम्ही जमलो. डोक्यावर ऊन, उन्हात पॅनेलं, आणि घरात ठार बंद. भिंतीवरच्या यंत्रात तांबडा दिवा लुकलुकत होता. अण्णांनी कंत्राटदाराला फोन लावला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला, ते करायला नको होतं.

"काका, हे ऑनग्रिड आहे," पलीकडून आवाज आला. "ग्रिड गेलं की हे आपोआप बंद पडतं."

"अरे, पण वर ऊन आहे!"

"ऊन असू दे हो. तुमच्याकडची वीज लाईनीत गेली आणि खांबावर माणूस असला तर?"

ही गोष्ट वायरमनच्या कानावर जाणारच होती. तो मुद्दाम येऊन यंत्रासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "अण्णा, हे तुमच्यापेक्षा आधी शिकलं."

आता अण्णांकडे हायब्रिड इन्व्हर्टर आहे आणि लिथियमची बॅटरी. ग्रिड गेलं की यंत्र स्वतःला लाईनीपासून तोडून घेतं आणि फक्त घराला वीज देतं. दिवसा ऊन, रात्री बॅटरी. पंप चालतो, फ्रीज चालतो. मिक्सरवरची लाल चिठ्ठी समारंभाने काढली, पण चटणी पाट्यावरच होते, कारण घरच्यांना आता तीच आवडते. जनरेटर गोठ्यात झाकून ठेवलेला. त्यातलं पेट्रोल शिळं होऊ नये म्हणून ते बदलायची तारीख भिंतीवर लिहिलेली. जुनी बॅटरी मोडीत द्यायला अण्णांचं मन होत नाही. ती देवघराच्या बाहेर आहे. आत ठेवायला काकूंनी नाही म्हटलं.

आणि सगळं असं जुळून आल्यावर लाईट जाईनाशी झाली आहे. वादळानंतर नवे खांब आले, नव्या तारा आल्या. जाते ती दहा मिनिटं, अर्धा तास. खतावणीचं पान महिना महिना भरत नाही. अण्णा संध्याकाळी आभाळाकडे बघत बसतात आणि वारा पडलेला दिसला की उठून आत जातात. दर रविवारी ते स्वतःच मेनस्विच पाडतात आणि त्याला सराव म्हणतात. त्या वेळात काकू पाणचुलीवर हंडा चढवतात, कारण गीझर नव्या बॅटरीवरही चालवायचा नाही हा नियम अजून कायम आहे.

तेव्हा तुमच्याकडे लाईट गेली तर बोर्डाला कळवा किंवा नका कळवू, अण्णांना मात्र एक फोन करा. किती वाजता गेली ते नीट बघून सांगा, आणि त्यांच्याकडे आहे का, असं जरूर विचारा.